हिरव्या पाण्याचे चोर

परवापर्यंत हिरवंगार असलेलं पाणी आज नितळ झालं होतं. टाकीचा तळ दिसत होता. सासऱ्यांनी कपाळावर हात मारला.

"आठ दिवस जिवापाड राखलेलं शेवाळाचं पाणी! कुणी हात घातला यात?"

"मीच, बाबा," सून म्हणाली. "चार दिवसांपूर्वी तळ्यातली जाळी यात खळबळली. नळाला पाणी नव्हतं."

"धन्य आहेस! मलाही त्यातच खळबळायचं होतंस."

शेजारच्या टाकीत माशांची चार दिवसांची पिल्लं निपचित तरंगत होती. अंड्यातून पोटाशी आणलेली बलकाची शिदोरी काल संपली होती. पीठ वस्त्रगाळ करून टाकलं, तरी घास त्यांच्या तोंडात मावत नव्हता. याआधीची दोन्ही खेपांची पिल्लं अशीच उपाशी मेली होती. शेवाळाचे बारीक कण तरी खातील, एवढीच आशा होती.

सुनेने नितळ पाण्याचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि ओरडली, "बाबा, चोर सापडले!"

सासऱ्यांनी एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला. चपलेच्या आकाराचे, आरपार दिसणारे जीव गरगरत होते. ना हात, ना दात. अंगावरच्या बारीक केसांनी पाणी ढवळायचे आणि उरलासुरला हिरवा दाणा कुशीतल्या खाचेत ओढून गट्ट करायचे. गिळलेले दाणे अंगात स्पष्ट दिसत होते. ताजे हिरवे, मुरलेले तपकिरी.

"एवढ्याशा जिवांनी अख्खी टाकी फस्त केली?"

"खातात आणि एकाचे दोन होतात. तळ्यातून जाळीबरोबर आले असणार."

"पोट आहे की विहीर! माझ्या पिल्लांच्या तोंडचं..." सासरे बोलता बोलता थांबले. डोळा नळीलाच होता. "काय गं, हे पिल्लांच्या तोंडात मावतील?"

 सून तांब्या आणायला पळाली.

तांब्याभर पाणी पिल्लांच्या टाकीत अलगद सोडलं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग एक पिल्लू वाकडं झालं, सटकन पुढे झेपावलं. पाठोपाठ दुसरं. बघता बघता सगळी टाकी वळवळू लागली. सासऱ्यांनी बॅटरी धरली. काचेसारख्या अंगांत इवलीइवली पोटं टम्म फुगत होती.

सुनेने आनंदाने टाळ्या पिटल्या.

सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू गं. जेवतायत."