मानेचं माप

पुण्यात गेमसाठी राक्षस घडवताना शिवरंजनीला माप कधी लागलंच नव्हतं. पडद्यावरचे बिंदू ओढायचे, डोळ्याला बरं दिसलं की झालं. आता गावी, बेंबळीत, वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानासाठी ती कॅड सॉफ्टवेअरवर मापाचं ड्रॉइंग शिकत होती. "एक आकडा बदलला ना अप्पा, की त्याला जोडलेलं सगळं आपोआप बदलतं," तिनं माणिकप्पांना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

पहिलंच काम शेळ्यांच्या लोखंडी गव्हाणीचं. मान घालायची फट तिनं जुन्या सवयीनं ओढून, डोळ्यानंच ठरवली. अप्पांनी ड्रॉइंगबरहुकूम गव्हाण जोडली आणि घरच्या शेळीनं आत घातलेली मान काही केल्या बाहेर येईना. कटर लावावा तर लाइट गेलेली. आई नीलम्मा शेळीला धरून बसली.

"बघती काय? आकडा बदल!" अप्पा ओरडले.

"अप्पा, तसं नसतं..."

"तूच म्हणलीस न्हवं, सगळं आपोआप बदलतं?"

शेळीनं डोळे फिरवले तशी शिवरंजनीनं रडत रडत लॅपटॉप उघडला, दहाचे चौदा सेंटिमीटर केले आणि एंटर दाबलं. त्याच क्षणी शेळीनं मान तिरपी केली आणि ती सुटून पळाली.

नीलम्मा पदराला हात पुसत लेकीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बंद करायच्या आधी आपल्या सैपाकघराचं दार बी चार बोटं वाढव बाई. फ्रीज आत जाईना झालाय."