चालीची पारख

यंदाच्या फाल्गुनातील पहिल्या रविवारी, मुरबाडच्या तपासणी शिबिरात, मुंबईहून आलेल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आदेशला चालवून पाहिले आणि चाल बिघडवणाऱ्या त्याच्या आनुवंशिक रोगावरील नव्या जनुकोपचारास त्याला अपात्र ठरवले. "हा उपचार जिवंत चेतापेशींचे रक्षण करतो; मेलेल्यांना उठवत नाही. पहिला झोक गेला, तेव्हाच आणायला हवे होते."

आदेशची बहीण नम्रता बापावर उसळली. "म्हशाच्या जत्रेत बैलाची लंगड लांबून वळखतोस ना, बाबा? दादाची नाय दिसली?"

"दिसली गो," बारकू म्हणाला. "तवा तुझी सोयरीक चालली होती. घरात असला रोग हाय समजल्यावर तुला कोनी केली असती?"

हे ऐकताच नम्रताचा नवरा दीपेश उठला आणि दाराकडे निघाला. नम्रता घाईने त्याच्यामागे गेली. बारकूची नजर सवयीने तिच्या पावलांवर खिळली. मग जावई अजून उंबऱ्यात असतानाच, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो डॉक्टरांना म्हणाला,

"हिला तपासा. हिची पन चाल बिघडलीय."