बगळ्यांचा कॅचर

काचाव बसमधून उतरला तेव्हा त्याच्या बापाने डुक्कर आधीच कापलं होतं.

थांब्यापासून चर्चच्या अंगणापर्यंत माणसं उभी होती. कुणी त्याची बॅग काढून घेतली, कुणी हातात सुपारी कोंबली, म्हाताऱ्यांनी पाठीवर थापा मारल्या. तैपेईहून येताना त्याने ठरवलं होतं की मागच्या भातशेतातून गुपचूप घरात शिरायचं आणि दार लावून पडायचं. ते राहूनच गेलं. बापाने त्याला दंडाला धरून मधोमध, सगळ्यांना दिसेल असं बसवलं.

पांढरे बगळे हा बेसबॉलचा संघ त्याच आठवड्यात बंद झाला होता. मालकाने टीव्हीवर कमरेत वाकून देशाची माफी मागितली आणि संघ विसर्जित केला. संघाचं वय सात वर्षं. गावाला ती तोंडपाठ होती. पहिल्याच वर्षी बगळ्यांनी गावातली दोन पोरं उचलली, फुतिंग चेंडू फेकायला आणि काचाव कॅचर म्हणून तो झेलायला, आणि तरीही सगळ्यांत खाली राहिले. तिसऱ्या वर्षी मालक संघ विकायला निघाला होता. चौथ्या वर्षी मात्र फुतिंगच्या हाताने अजिंक्यपद आणलं, आणि गावाने कापणीचा सण त्या वर्षी दुसऱ्यांदा केला. मग हा उन्हाळा. जुगाऱ्यांशी संधान बांधून बगळे मुद्दाम हरत होते, असं बाहेर आलं. पोलिसांनी निम्मा संघ नेला. फुतिंगलाही नेलं. काचावला एकदा बोलावून चार प्रश्न विचारले आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो आला, चिखलात न बरबटलेला एकमेव बगळा म्हणून. तो फोटो आता चर्चच्या दारावर चिकटवलेला होता.

बाप उठून बोलला. एरवी तो चार माणसांत तोंड उघडत नसे. संघ बुडाला तर बुडू दे, म्हणाला, आमचं नाव काही बुडालं नाही. लोकांनी माना डोलावल्या. काचाव पानावरच्या मांसाकडे बघत राहिला.

तेवढ्यात माणसं बाजूला सरली. फुतिंगची आई आली होती. पानाय मावशी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि तिला बोलवायला जायची हिंमतही कुणी केली नव्हती. तिने केळीच्या पानात बांधलेला चिकट भात काचावसमोर ठेवला आणि उभी राहिली.

"तू त्याच्यासमोर बसायचास," ती म्हणाली. "त्याचा प्रत्येक चेंडू तुझ्या हातात यायचा. तुला काही कळलं नाही?"

"नाही, मावशी," काचाव म्हणाला.

तिने मान हलवली. तिला ते पटलं. "मग त्याने तुलाही फसवलं," असं म्हणून तिने सगळ्यांदेखत त्याच्यापुढे मान खाली घातली. "त्याच्या वाटची माफी मी मागते."

आणि ती निघून गेली. बाया बाहीने डोळे टिपायला लागल्या. बाप काचावच्या कानाशी म्हणाला, बघ, आई अशी असावी.

काचावला मे महिन्यातली ती मॅच आठवत होती. त्याने खाली, बाहेरच्या बाजूला हातमोजा धरला होता आणि चेंडू आला बरोबर मधे, पोटाच्या उंचीवर, फटका मारणाऱ्याला लग्नातला आहेर द्यावा तसा. असा एकदा नाही, पुन्हा पुन्हा. फुतिंग लहानपणी नदीकाठी दगड फेकायचा तेव्हापासून त्याला तो हात माहीत होता. काचाव मैदानाच्या मधे फुतिंगपाशी चालत गेला, तोंडापुढे हातमोजा धरला आणि विचारलं ते एवढंच, "खांदा दुखतोय का?" फुतिंगने त्याच्या नजरेला नजर न देता सांगितलं, "हो, दुखतोय." मग काचाव आपल्या जागी जाऊन बसला. उरलेला उन्हाळाभर तो खांदा दुखतच राहिला, आणि काचावने पुन्हा विचारलं नाही.

लघवीला जातो असं सांगून तो उठला. पानाय मावशी बांधावरून हळूहळू चालली होती. त्याने तिला पंपघराजवळ गाठलं.

"मावशी, मला माहीत होतं."

ती थांबली, पण वळली नाही.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. मी बोललो असतो तर कदाचित तो थांबलाही असता. मी बोललो नाही."

पंपाचं पाणी पाटात पडत होतं. मग ती वळली. रागावलेली नव्हती. खरोखर उत्तर हवं असल्यासारखी म्हणाली, "हे तू पोलिसांना सांगितलंस तर त्याला सोडतील?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंस?"

चर्चच्या बाजूने बाप काचावला हाका मारत होता.

"जा," ती म्हणाली. "वाट बघतोय बाप तुझा. आणि हे बघ, त्याला नको सांगूस."

तो परत आला. सगळे हातात पेले घेऊन त्याच्यासाठीच थांबले होते. बापाने तांदळाच्या दारूचा पेला काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. पिण्याआधी बोट बुडवून पूर्वजांच्या नावाने जमिनीवर थेंब शिंपडायचे असतात. काचावने बोट पेल्यापर्यंत नेलं आणि मागे घेतलं; थेंब शिंपडले नाहीत. पेला तोंडाला लावून त्याने तो तसाच रिकामा केला.