आठ चाकांची गाडी

"डांगरी चार बोटं लांब आहे," सौरव म्हणाला. "पाय दुमड. अन् हसू नको. मिसाईलवाले हसत नाहीत."

विक्कीने अंगावरच्या उसन्या गणवेशाचे पाय दुमडले. हसू येणार तरी कुठून? नागपूरच्या मैदानावर फौजेचं प्रदर्शन भरलं होतं आणि नरखेडकडून सकाळची एसटी धरून त्याचा बाप, लहानू, पोराची गाडी बघायला येत होता.

गाडी समोरच उभी होती. आठ दांडगी चाकं, जाडजूड चिलखत, आणि छपरावर दोन्ही बाजूंना रणगाडा फोडणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या नळ्या. फक्त ती विक्कीची नव्हती, सौरवची होती. विक्की गाडीमागच्या तंबूतला स्वयंपाकी होता.

थाप पहिल्या सुटीतच मारून झाली होती. विहारापाशी बसलेल्या मित्रांनी विचारलं, "फौजेत काय करून राहिला बे?" पलटणीचा भात रांधतो, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. बापाने दर बुद्धपौर्णिमेला अख्ख्या गावाची खीर घाटली, आणि पोराने फौजेत जाऊन पुन्हा कढईच घाटायची? "मिसाईलच्या गाडीवर आहे," तो म्हणाला. लहानू तिथेच बसला होता. तो उठून घरी गेला. बापाला पोराचा अभिमान वाटला, असं विक्कीने धरून घेतलं, आणि मग थाप मागे घ्यायची सोयच उरली नाही. आज ती उघडी पडली तर बापाला गावात तोंड दाखवता येणार नव्हतं.

लहानू आला तो लग्नाकार्याचा शर्ट घालून. पूर्ण बाह्या, मनगटाशी बटणं लावलेली. हातात संत्र्यांची पिशवी.

"माय नाही आली?"

"तिले बरं नाही. खात नाही धड."

"काहून?"

"असंच. दाखव तुयी गाडी."

लहानूने गाडीभोवती सावकाश चक्कर मारली. एका चाकाला हात लावून पाहिला. मग नळ्यांकडे बोट केलं.

"लढाईत हे पुढं राहते का मागं?"

"पुढं, बाबा. दुश्मनाचा रणगाडा दिसला की पहिले आपणच." सौरवने पढवलेला धडा विक्कीने घडाघडा म्हटला. "लांबूनच उडवतो आपण त्याले."

"अन् त्याले आपली गाडी दिसते?"

"दिसते ना. म्हणून तर हिंमत लागते."

लहानूने दुपट्ट्याने कपाळ पुसलं. ऊन तर कोवळंच होतं. बाप भारावला, विक्कीने मनाशी म्हटलं.

"आत कुठं बसते तू?"

हे पढवलेलं नव्हतं. सौरवने मागचं दार उघडलं. विक्की ऐटीत आत शिरायला गेला आणि चौकटीवर खाडकन कपाळमोक्ष.

"रोजचंच आहे, काका," सौरव घाईघाईने म्हणाला. "लय उंच पडते ना तो."

दुमडलेली डांगरी बिचारी खाली गप्प होती.

लहानूने पोराला दंडाला धरून बाहेर ओढलं. ओढताना विक्कीची बाही वर सरकली. मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला, भाजल्याचा काळपट आडवा पट्टा होता.

"हे काय गा?"

विक्कीने गाडीकडे बोट केलं. "सायलेन्सर लागला. गाडीचा."

लहानूने त्या डागावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

इतक्यात तंबूकडून वास आला. भात खालून लागत होता. काही झालं तरी तिकडे बघायचं नाही, असं विक्कीने ठरवलं होतं, पण मान वळलीच. त्याच वेळी लहानूचीही वळली.

"जाय," लहानू म्हणाला.

"कुठं? माझी ड्यूटी इथंच आहे."

"जाय म्हणतो ना. तुये साहेब वाट पाहून राहिले असन." लहानू आल्यापासून पहिल्यांदा हसला, चांगला तोंडभर हसला. संत्र्यांची पिशवी त्याने पोराच्या हातात कोंबली, पाठीवर थाप दिली. "बेस आहे गाडी. लय बेस आहे."

तो फाटकाकडे वळला आणि विक्की डांगरी सावरत तंबूकडे धावला. त्याने जाळ कमी केला, वरचा चांगला भात दुसऱ्या पातेल्यात काढला, आणि तिथेच पोत्यावर बसकण मारली. घोडं गंगेत न्हालं होतं. बापाला काही कळलं नव्हतं. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने एक संत्रं सोलून तोंडात टाकलं.

कनातीपलीकडून आवाज आला. लहानू फाटकापर्यंत पोचलाच नव्हता. नरखेडला फोनशिवायही ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने तो मोबाईलवर बोलत होता. विक्कीने फटीतून पाहिलं. बापाने एका बाहीचं बटण सोडलं होतं, बाही कोपरापर्यंत चढवली होती.

"प्रेमिला, ऊठ वं, रडू नोको! आपला पोट्टा त्या गाडीत बसतच नाही. खोटं बोलला लबाड! कढईचा काठ लागला आहे त्याच्या हाताले, माया हातावर आहे तसाच. बोट फिरवून पाह्यलं ना मी. सैपाक करते तो, सैपाक! आता ताट वाढून घे, अन् जेव."