माशी

सुगतनं रायफलवर बसवायची दुर्बीण डोळ्याला लावली आणि लगेच काउंटरवर ठेवली.

"फार जवळ येतं," तो म्हणाला.

कोपऱ्यात भुसा भरलेली हरणी उभी होती. तिच्यामागच्या खिडकीत जर्मनीतल्या बॉबलिंगेनचं धुकं. त्यामुळे ती रानातच उभी आहे असं वाटे. गिऱ्हाइकांनी तिच्यावरच नेम धरून पाहायचा, अशी त्या बंदुकीच्या दुकानाची रीत. शनिवारी सुगतची पहिली शिकार होती. रायफल घेऊन झाली होती, लिव्हर ओढून काडतूस चढवायची, जुन्या धाटणीची. नेम कशातून धरायचा, एवढंच ठरायचं होतं.

त्याचे वडील आत्माराम नागपूरहून महिनाभरासाठी आले होते. रोज सकाळी पंचशील म्हणत. जीव न घेण्याचं पहिलं शील जरा सावकाश. शिकारीबद्दल मात्र एक शब्द बोलले नव्हते.

"चष्मा घेतानाही असाच दिवस घालवला होतास," ते म्हणाले.

दुकानाच्या मालकीण, हाग बाई, आपल्याच तंद्रीत हसल्या. "आल्झो, दुर्बीण नको, तर किमे उंड कोर्न." त्यांनी रिकामी रायफल वाळूच्या उशीवर टेकवली.

"मागं ही खाच, किमे; पुढं हा ठिपका, कोर्न," सुगतनं वडिलांना सांगितलं. "कोर्न म्हणजे दाणा."

"दाणा? आपल्याकडं माशी म्हणतात."

"माशी?"

"हां. माशी जनावरावर बसली, की झालं."

सुगत रायफलपासून बाजूला सरकला. मग म्हणाला, "बाबा, तुम्हीच बघून सांगा ना. घेऊ का?"

आत्मारामांनी गाल लाकडाला टेकवला. खाचेत ठिपका आला, ठिपक्यामागं हरणीची मान. धुकं काच ओलांडून आत आल्यासारखं झालं. तिचा कान किंचित हलला की काय.

"बसली?" सुगतनं विचारलं.

आत्मारामांचा उजवा हात रायफलवरून सुटला आणि हवेत सावकाश हलू लागला, निजलेल्या लेकराच्या तोंडावरची माशी वारताना हलतो तसा.

"उठतच नाही रे," ते पुटपुटले.

"काय म्हणतात?" हाग बाईंनी जर्मनमध्ये विचारलं.

सुगतनं हात लांब केला आणि नळीच्या टोकावरच्या ठिपक्यावर अंगठा ठेवला.

"गेली," बाबा म्हणाले.