तालायसारखी हो

"हात उचलून बसलोय मी," सगिन काका म्हणाले. "दुआ कशासाठी करू, ते एकदा ठरवा. खांदे दुखायला लागले."

बेगाइमचा शाळेचा मूळ दाखला आईच्या पर्समध्ये होता. आज पाचच्या आत तो विद्यापीठाच्या खिडकीवर पोचला नाही, तर संगणकशास्त्राची जागा दुसऱ्याला जाणार होती. चार वर्षं आणि पदवी. दुसरीकडे सोमवारी प्रोग्रामिंगचा कोर्स सुरू होत होता. सहा महिने आणि नोकरी, असं जाहिरातीत म्हटलं होतं. तीन वाजून गेले होते. मायलेकी काल नारीनहून बिश्केकला काकांकडे आल्या होत्या, कारण घराण्यात प्रोग्रामर एकच होता. काकांचा मुलगा तालाय.

"उद्या कुणी विचारलं, पोरगी कुठं शिकली, तर काय सांगू?" आई म्हणाली. "बाजारात, चपलांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर?"

"तालाय बाइके तिथंच शिकले," बेगाइम म्हणाली. थोरल्या चुलतभावाला ती बाइके म्हणायची. "तेच म्हणतात, विद्यापीठातली पोरं अजून वहीत प्रोग्राम लिहितात."

सगळे तालायकडे बघू लागले. त्यानं तळलेला बोरसोक मधात बुडवला आणि तसाच बशीत ठेवला.

"विद्यापीठात जा," तो म्हणाला.

बेगाइमला काही कळेना. याच माणसाच्या जिवावर ती वर्षभर आईशी भांडली होती.

"झालं तर!" काकांनी तळवे वर केले. "पोरी, शीक आणि आमच्या तालायसारखी हो. तुझंही त्याच्यासारखंच भलं होवो."

"ओमिन," म्हणत सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आता बोलायला जागाच उरली नाही.

मटण शिजलं होतं. जेवणाआधी सगळ्यांच्या हातावर पाणी घालायचं काम सर्वांत धाकटीचं. झारी आणि तस्त घेऊन बेगाइम एकेकापुढे वाकली. तालाय शेवटचा, दारापाशी बसला होता.

"बाइके, असं का केलंत?" ती कुजबुजली. "तुमचं तर सहा महिन्यांत झालं."

"झालं की. आणि फेब्रुवारीत मला काढलं."

पाण्याची धार तुटली. "पण तुम्ही रोज सकाळी ऑफिसला..."

"वाचनालयात जातो. हळू बोल, बाबा ऐकतील."

"म्हणजे पदवीवाल्यांना ठेवलं?"

"त्यांना माझ्याआधी काढलं. त्यांचा पगार जास्त होता."

"बेगाइम, आटप!" आई पर्स घेऊन उभी राहिली. "खिडकी बंद होईल."

"मग मला तिकडे कशाला पाठवताय?"

तालायनं ओले हात न झटकता तिच्या खांद्यावरच्या पंच्याला पुसले.

"चार वर्षं तरी," तो म्हणाला, "तुला कुणी विचारणार नाही, आज ऑफिसात काय झालं म्हणून."