दोन पानं एकदम

समजा, सकाळी तुमच्या घरात पवित्र शास्त्राचं वाचन चाललंय, आणि वाचणाऱ्या आजोबांनी मुद्दाम दोन पानं एकदम उलटली. तुम्ही ते पाहिलंत. तुमच्याशिवाय कुणी पाहिलं नाही. काय कराल? गप्प बसाल?

भोंगा गप्प बसली. भोंगा म्हणजे आपल्या गोष्टीतली मुलगी. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं, तिच्या आवाजावरून. बाबा मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचे. धुकं पडलं की म्हणायचे, "बोटीचा भोंगा बिघडला तरी बेहत्तर. माझी पोर धक्क्यावर उभी करा, सगळ्या बोटी घरी येतील." मग वादळ झालं. इतर बोटी परतल्या, बाबांची परतली नाही. तेव्हापासून भोंगा वाजला नव्हता.

ती दुःखी होती असं सगळे म्हणायचे. ती दुःखी नव्हती, ती संतापली होती. बंदराच्या कचेरीतल्या "बघू, बघू" म्हणणाऱ्या माणसावर. "देवाची इच्छा" म्हणत डोक्यावरून हात फिरवणाऱ्या शेजारच्या काकूंवर. आणि सगळ्यांत जास्त देवावर, पण त्याच्यावर ओरडायची या घरात सोय नव्हती. आजोबा होड्या बांधणारे सुतार. दिवसभर ठोकाठोक करून करून त्यांना घरात शांतता लागायची, आणि प्रार्थनेत तर फारच. भोंगाने जरा मोठ्याने "आमेन" म्हटलं की ते म्हणायचे, "हळू गं. देव बहिरा नाही."

पूर्वी वाचनाच्या वेळी ती नेहमी झोपलेलीच असायची. बाबा बोटीवर नसले की स्टीलचा पेला घेऊन तिच्या उशाशी उभे राहायचे. "उठतेस की ओतू पाणी?" एकदा खरंच ओतलं होतं. आता ती आपोआप उठत होती, आणि पेला फळीवर पालथा पडून होता.

तर, दोन पानं एकदम उलटली गेली. आजोबांनी पुढचाच भाग वाचला, पुस्तक मिटलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "आज वचन आपल्याला काय सांगतं?"

"काही सांगत नाही," आई म्हणाली. बर्फाच्या कारखान्यात जायचे गमबूट घालत होती ती, आणि एक बूट तिने जमिनीवर असा आपटला की टेबल हललं. "कचेरीतल्या माणसाने मात्र काल सांगितलं. शोध थांबवलाय म्हणे. बिस्कीट चहात बुडवता बुडवता सांगितलं. त्यावर आहे का काही तुमच्या वचनात?"

"सूनबाई, आवाज..."

"चढणारच आवाज! तुमचाच मुलगा आहे ना तो? तुम्हाला कसा राग येत नाही?"

आजोबांनी मिटलेलं पुस्तक बाजूला सरकवलं. भोंगाने ते पाहिलं, आणि तिला आणखीच राग आला.

"आजोबा, तुम्ही पान गाळलंत."

"चिकटली असतील पानं."

"चिकटली नव्हती. बोटाला थुंकी लावून उलटलीत तुम्ही. काय आहे त्या पानावर?"

आजोबांनी आईकडे पाहिलं. आईने नजर वळवली नाही.

"बोट आहे," आजोबा म्हणाले. "वादळ आहे. तुला आज नको ते."

"मला आजच हवंय. वाचा."

त्यांनी पान काढलं. ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर वाचली होती, पण नेहमी शांतपणे, गालिच्यावरून चालल्यासारखी. आज त्यांचा आवाज अडखळत होता. अंधार पडला होता. वारा सुटला होता. लाटा शिष्यांच्या बोटीत शिरत होत्या. बोट भरत चालली होती. आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता.

"उशी घेऊन?" भोंगाने विचारलं.

"हो. उशी घेऊन."

"आणि बाकीचे बुडत होते?"

"हो गं."

भोंगाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "मग त्यांनी कसं उठवलं त्याला? हळू आवाजात? हात जोडून?"

आजोबांनी ओळीवर बोट ठेवलं. ओळ जुनीच होती, पण आजोबा जणू ती पहिल्यांदाच वाचत होते.

"नाही," ते म्हणाले. "ओरडले त्याच्यावर. आम्ही मरतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही, असं तोंडावर म्हणाले."

"मग? चिडला तो त्यांच्यावर?"

"दोन शब्द सुनावले त्याने. पण ते नंतर. आधी तो उठला." आजोबांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. "आधी उठला, आणि आधी वाऱ्याला धमकावलं."

आईच्या हातात दुसरा बूट तसाच राहिला.

भोंगा जागची उठली. तिने फळीवरून बाबांचा पेला काढला आणि नळाखाली धरून काठोकाठ भरला. मग भिंतीपाशी स्टूल ओढलं. त्या भिंतीवर आजोबांनी जुन्या होडीच्या फळीतून केलेला क्रूस होता. ती स्टुलावर चढली.

"हळू गं," आजोबा सवयीने म्हणाले. "देव बहिरा..."

"बहिरा नाही, आजोबा. झोपलाय."

आणि तिने पेला वर उचलला, छाती भरून श्वास घेतला, आणि पार धक्क्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "उठतोस की ओतू पाणी?"